आठ लाख मतं, शून्य जागा : ब्रिटनच्या रेफरेन्डम पार्टीचं प्रकरण

लंडनमधल्या पुटनी मतदारसंघाचा निकाल जाहीर झाला तेव्हा १ मे १९९७ ची मध्यरात्र उलटून गेली होती. उमेदवार व्यासपीठावर ओळीने उभे होते आणि टीव्हीचे कॅमेरे त्यातल्या दोघांवर खिळले होते. एक होते हुजूर पक्षाचे माजी मंत्री डेव्हिड मेलर. मजूर पक्षाच्या टोनी कोलमन यांनी त्यांना २,९७६ मतांनी हरवलं होतं. दुसरे होते सर जेम्स गोल्डस्मिथ. अब्जाधीश उद्योजक, ब्रिटनच्या युरोपशी असलेल्या नात्यावर सार्वमत (रेफरेन्डम) मागणाऱ्या रेफरेन्डम पार्टीचे संस्थापक, नेते, आणि पक्षाची तिजोरीही तेच. त्यांना १,५१८ मतं पडली होती. मेलर बोलायला आले आणि त्यांनी या आकड्याची भर व्यासपीठावर टर उडवली. ब्रिटिश राजकारण विकत घ्यायचा तुमचा डाव फसला, असं तोंडावर सुनावलं. शेजारी उभे असलेले गोल्डस्मिथ टाळ्या वाजवत ‘आउट, आउट’ ओरडत राहिले.

चौसष्ट वर्षांच्या या माणसाला त्या रात्री स्वादुपिंडाचा कर्करोग होता. अगदी जवळच्या मोजक्या लोकांपलीकडे ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे अकरा आठवड्यांत ते गेले, आणि निवडणूक लढवणारा पक्ष म्हणून रेफरेन्डम पार्टीही त्यांच्याबरोबरच संपली.

एकच प्रश्न घेऊन पक्ष काढायचा की नाही, काढला तर तो कसा बांधायचा आणि कुठल्या मैदानात उतरवायचा, हे ज्यांना कधी ना कधी ठरवावं लागणार आहे, त्यांच्यासाठी हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. या पक्षाची गोष्ट बहुतेक वेळा एका श्रीमंत माणसाचा हट्ट म्हणून सांगितली जाते. मला ते अन्यायाचं वाटतं. त्याला मत देणारे आठ लाखांहून जास्त लोक होते आणि त्यांचा प्रश्न खरा होता.

पार्श्वभूमी

ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात गेला. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, तिथे सार्वमत झालं : राहायचं की बाहेर पडायचं? ६७ टक्के मतदारांनी राहायचा कौल दिला. त्या वेळी लोकांसमोर चित्र होतं ते मुख्यतः सामायिक बाजारपेठेचं.

१९९२ च्या मास्ट्रिक्ट करारानं ते चित्र पालटलं. आता युरोपीय संघ, त्याचं नागरिकत्व आणि पुढे एकच चलन अशा गोष्टी आल्या. डेन्मार्कने जून १९९२ मध्ये सार्वमत घेतलं आणि लोकांनी करार नाकारला; काही सवलती मिळवून पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं तेव्हा होकार आला. फ्रान्समध्ये सप्टेंबर १९९२ मध्ये करार जेमतेम ५१ टक्क्यांनी तरला. ब्रिटनमध्ये मात्र सगळा निर्णय संसदेत झाला. डॅनिश शेतकऱ्याला विचारलं, फ्रेंच शिक्षकाला विचारलं, मग आम्हाला का नाही, हा सवाल तिथल्या पबमध्ये, बाजारात, वर्तमानपत्रांतल्या पत्रांमध्ये उमटायला लागला.

त्याच सप्टेंबरात पौंड युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून, म्हणजे युरोपीय चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर फेकला गेला आणि जॉन मेजर यांच्या हुजूर सरकारची आर्थिक पत ढासळली. मेजर यांचं बहुमत होतं अवघं २१ चं. मास्ट्रिक्टच्या विधेयकावर त्यांच्याच खासदारांनी बंड केलं. मेजर यांनी एकाच चलनाबाबत ब्रिटनसाठी सूट मिळवली होती, पण ती वापरायची की सोडून द्यायची, यावर त्यांच्या मंत्रिमंडळातच एकमत नव्हतं.

या वातावरणात गोल्डस्मिथ आले. पॅरिसमध्ये जन्म, आई फ्रेंच, वडील एके काळी हुजूर पक्षाचे खासदार. खाद्यपदार्थांच्या धंद्यात आणि नंतर अमेरिकेत कंपन्या ताब्यात घेऊन विकण्यात त्यांनी अफाट पैसा केला होता. १९८७ चा शेअर बाजार कोसळण्याआधी ते वेळेवर बाहेर पडले, याचे किस्से अजून सांगितले जातात. मेक्सिकोत त्यांची मोठी इस्टेट होती.

जून १९९४ मध्ये ते युरोपीय संसदेवर निवडून गेले, पण ब्रिटनमधून नव्हे, फ्रान्समधून. फिलिप द व्हिलिए यांच्याबरोबर त्यांनी मास्ट्रिक्टविरोधी यादी उभी केली होती. तिला देशभर साधारण १२ टक्के मतं पडली आणि १३ खासदार निवडून आले. फ्रान्समध्ये ही निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने होत असे : जितकी मतं, साधारण तितक्या प्रमाणात जागा. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

प्रश्न काय होता

ब्रिटनची लोकसभा आपल्यासारखीच निवडली जाते. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो जिंकला. बाकीची मतं वाया. अशा पद्धतीत देशभर पातळ पसरलेल्या मताला काही किंमत नसते. युरोपबद्दल साशंक मतदार हुजूर पक्षातही होते आणि मजूर पक्षातही. म्हणूनच कुठल्याही एका पक्षाला त्यांची काळजी करायची गरज वाटत नव्हती. दोन्ही मोठ्या पक्षांचं नेतृत्व एकाच दिशेला होतं आणि मतदारापुढे तिसरा रस्ता नव्हता.

म्हणजे अडचण दुहेरी होती. सार्वमताची मागणी करणारे लोक होते, पण ती मागणी मतपेटीत दिसेल अशी सोय नव्हती. आणि दिसली असती तरी खासदार होण्याइतकी ती एका जागी गोळा होत नव्हती.

समोरचे पर्याय

हुजूर पक्षातल्या बंडखोरांना रसद पुरवणं, हा पहिला पर्याय. पण बंडखोर खासदार शेवटी आपल्या तिकिटाला बांधलेला असतो. नोव्हेंबर १९९४ मध्ये युरोपला द्यायच्या पैशांच्या विधेयकावर आठ जणांनी पक्षाला जुमानलं नाही, म्हणून त्यांची संसदीय पक्षातून हकालपट्टी झाली. पाच महिन्यांत ते परत घेतले गेले. एवढ्या हेलकाव्यांवर मोहीम उभी राहत नाही.

दुसरा पर्याय आधीच अस्तित्वात असलेल्या छोट्या पक्षाचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे इतिहासाचे प्राध्यापक ॲलन स्केड यांनी १९९३ मध्ये यूके इंडिपेंडन्स पार्टी, म्हणजे यूकिप, स्थापन केली होती. तिचं म्हणणं सरळ होतं : युरोपीय संघातून बाहेर पडा. गोल्डस्मिथ यांची जाहीर भूमिका तशी नव्हती. तुम्ही काय ठरवावं हे मी सांगत नाही, तुम्हाला ठरवू द्यावं एवढंच मागतो, असं ते म्हणत. दोघांमध्ये समझोता झाला नाही आणि १९९७ मध्ये अनेक ठिकाणी दोन्ही पक्षांचे उमेदवार एकमेकांची मतं खात उभे राहिले.

तिसरा पर्याय दबावगटाचा : सभा, जाहिराती, सह्यांच्या मोहिमा. पैशाची चणचण नव्हती, तेव्हा हे सहज जमलं असतं. पण दबावगटाची भीती खासदाराला वाटत नाही. आपली मतं कापणारा माणूस समोर उभा राहणार, म्हटल्यावर वाटते.

म्हणून चौथा पर्याय निवडला गेला : स्वतःचा पक्ष. नोव्हेंबर १९९४ मध्ये गोल्डस्मिथ यांनी तो जाहीर केला, आणि त्याच्या रचनेत एक विलक्षण अट घातली. सार्वमत झालं की पक्ष विसर्जित होईल. म्हणजे पक्षाला जन्मतःच मुदत घातलेली.

या अटीमागची प्रामाणिकता मला मनापासून पटते. सत्तेची हाव नाही, खुर्ची नको, प्रश्न सुटला की आम्ही घरी जाऊ, हे सांगणारे राजकारणी किती भेटतात? पण याच अटीने पक्षाचं शरीरही ठरवून टाकलं. ज्याला दोन-तीन वर्षांतच मरायचं आहे, तो शाखा, सभासद, तालुका-जिल्हा पातळीवरचे कार्यकर्ते, अंतर्गत निवडणुका या भानगडीत कशाला पडेल? रेफरेन्डम पार्टीत समर्थकांची नोंदणी होती, पण नेता निवडणारे, धोरण ठरवणारे सभासद नव्हते. वरून नेमलेली माणसं, वरून आलेले पैसे, वरून आलेला मजकूर.

प्रत्यक्षात काय केलं

गोल्डस्मिथ यांनी २ कोटी पौंडांपर्यंत खर्च करायची तयारी जाहीर केली. त्या काळी ब्रिटनमध्ये उमेदवाराच्या मतदारसंघातल्या खर्चावर मर्यादा होती, पण पक्षाच्या देशपातळीवरच्या खर्चावर कसलीच नव्हती. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. कार्यालयं उघडली, माणसं पगारावर घेतली. प्रसिद्धी विभागात विशीतली एक तरुणी काम करत होती, युगांडातून आलेल्या गुजराती कुटुंबातली प्रीती पटेल. पुढे त्या हुजूर पक्षात परतल्या आणि ब्रिटनच्या गृहमंत्री झाल्या.

नियम असा ठरला की सार्वमताला ठाम पाठिंबा देणाऱ्या खासदारासमोर उमेदवार द्यायचा नाही, बाकी शक्य तिथे सगळीकडे द्यायचा. साशंक खासदारांनाही त्यामुळे विचार करावा लागला : आपण पुरेसं ठाम बोललो आहोत का?

एप्रिल १९९६ मध्ये पहिला मोठा परिणाम दिसला, तोही निवडणुकीआधी वर्षभर. मेजर यांनी जाहीर केलं की पुढच्या हुजूर सरकारने एकाच चलनात जायचं ठरवलंच, तर आधी सार्वमत घेतलं जाईल. नोव्हेंबरात मजूर पक्षानेही तसंच आश्वासन दिलं. एकही मत पडण्याआधी दोन्ही मोठे पक्ष हलले होते. यामागे फक्त गोल्डस्मिथ होते असं मी म्हणणार नाही. हुजूर पक्षातला आतला दबाव मोठा होता. पण आपल्या प्रत्येक मतदारसंघात पैसेवाला प्रतिस्पर्धी उभा राहणार, ही धास्ती त्या दबावात नक्की होती.

इथे या प्रकरणातला सर्वांत कठीण निर्णय आला. मागणी अर्धी मान्य झाली आहे. आता काय? विजय जाहीर करून थांबायचं, की मागणी पुढे न्यायची?

गोल्डस्मिथ यांनी मागणी पुढे नेली. नुसत्या चलनावर सार्वमत नको, युरोपशी असलेल्या सगळ्या नात्यावर हवं, अशी भूमिका घेतली. ऑक्टोबर १९९६ मध्ये ब्रायटनला पक्षाची परिषद झाली आणि नोव्हेंबरात सार्वमताचा नेमका प्रश्न जाहीर झाला. त्याचा आशय असा : युनायटेड किंग्डमने संघराज्यात्मक युरोपचा भाग व्हावं असं तुम्हाला वाटतं, की सामायिक व्यापारी बाजारपेठेतल्या सार्वभौम राष्ट्रांच्या सहयोगात परत जावं असं वाटतं?

हा प्रश्न मोठ्याने वाचून पाहा. राहायचं की जायचं, हे त्यात कुठेच नाही. ‘संघराज्यात्मक युरोप’ हवा म्हणणारा माणूस मेजर यांच्या पक्षात शोधूनही सापडला नसता, आणि मजूर पक्षानेही ते शब्द कधी अंगाला लावून घेतले नाहीत. उरलेला पर्याय, म्हणजे सार्वभौम राष्ट्रांची बाजारपेठ, तर आम्हालाही हवीच आहे, असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणू शकत होता. घरोघर फिरणाऱ्या उमेदवाराला दारात उभं राहून हे समजावून सांगायचं होतं. आधीची मागणी, ‘आम्हालाही विचारा’, दोन शब्दांत सांगता येत होती. हिला परिच्छेद लागत होता.

मार्च १९९७ मध्ये व्हिडिओ कॅसेट आली. ब्रिटनमध्ये टीव्हीवर राजकीय जाहिरात विकत घ्यायला कायद्याने बंदी आहे. पक्षांना ठरावीक मोफत वेळ मिळते, आणि ती आधीच्या कामगिरीवर व उमेदवारांच्या संख्येवर ठरते. मग टीव्हीच्या पडद्यापर्यंत दुसऱ्या वाटेने पोचायचं ठरलं. सुमारे ५० लाख घरांच्या दारातून व्हीएचएस कॅसेट आत पडली. माणूस कामावरून घरी येतो, पायपुसण्यावर बिलं, पत्रकं आणि त्यांच्यात हे काळं, जड खोकं. पत्रक तो न वाचता टाकून देतो. कॅसेट टाकायला हात धजत नाही, कारण तेव्हा कॅसेट ही दुकानातून पैसे देऊन आणायची वस्तू होती. ती यंत्रात सरकवून बारा मिनिटं पाहिली की नाही, ते प्रत्येकाच्या घरात वेगळं. पण कायद्याच्या चौकटीत राहून लोकांपर्यंत जायची ही कल्पना मला या सगळ्या मोहिमेतली सर्वांत हुशार वाटते.

त्याच मार्चमध्ये पक्षाला आपला एकमेव खासदार मिळाला. रायगेटचे हुजूर खासदार सर जॉर्ज गार्डिनर यांची उमेदवारी त्यांच्या स्थानिक संघटनेने काढून घेतली, तेव्हा ते रेफरेन्डम पार्टीत आले. ही खासदारकी काही आठवडेच टिकली. निवडणुकीत ते हरले.

टीव्हीवरच्या मोफत वेळेसाठी पक्ष न्यायालयातही गेला. ५४७ उमेदवार उभे करूनही त्याला पाच मिनिटांचं एकच प्रक्षेपण दिलं गेलं होतं, जे तेव्हा ५० उमेदवार उभे करणाऱ्या पक्षालाही मिळत असे. वाहिन्यांचं म्हणणं, या पक्षाची मागची निवडणूक-कामगिरीच नाही. न्यायालयाने वाहिन्यांची बाजू उचलून धरली. नव्या पक्षाला मागची कामगिरी कुठून असणार, हा पक्षाचा सवाल मला आजही बिनतोड वाटतो.

निकाल

१ मे १९९७. टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाला ४१८ जागा, हुजूर पक्षाला १६५. रेफरेन्डम पार्टीला ८ लाख ११ हजारांवर मतं, देशभरात २.६ टक्के, आणि जागा एकही नाही.

अनामत रकमेचा हिशेब आपल्या वाचकाला लगेच कळेल. आपल्याकडे एकषष्ठांश मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त होतं. ब्रिटनमध्ये ५ टक्के पुरतात आणि रक्कम ५०० पौंड. ५४७ उमेदवारांपैकी ५०५ जणांचं डिपॉझिट गेलं. पुटनीत ३.५ टक्के घेणाऱ्या गोल्डस्मिथ यांचंही गेलं. सर्वांत चांगली कामगिरी एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या हारविचमध्ये जेफ्री टिटफर्ड यांची झाली, ९.२ टक्के.

पक्षाने हुजूर पक्षाला पाडलं, हे तेव्हापासून बोललं जातं. दोन मतदारसंघ शेजारी ठेवून पाहू. पुटनीत मेलर २,९७६ मतांनी हरले आणि गोल्डस्मिथ यांना १,५१८ मतं होती. ती सगळीच्या सगळी मेलर यांना मिळाली असती तरी ते पडलेच असते. कॉर्नवॉलमधल्या फाल्मथ-कॅम्बॉर्नमध्ये ऑलिम्पिकचे सुवर्णपदक विजेते धावपटू सेबॅस्टियन को हे हुजूर खासदार होते. ते २,६८८ मतांनी हरले, आणि रेफरेन्डम पार्टीच्या पीटर द सेव्हरी यांना ३,५३४ मतं पडली. वरवर पाहता इथे पक्षाने को यांना पाडलं. पण को निवडून यायला त्या मतदारांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक त्यांच्याकडे जायला हवे होते आणि मजूर उमेदवाराकडे एकही जायला नको होता. आपल्यावर नाराज होऊन गेलेले सगळेच आपलेच होते, हे हरलेल्या पक्षाचं नेहमीचं गृहीतक असतं. त्या लाटेत हुजूर पक्षाने जेवढ्या जागा गमावल्या, त्यातल्या या पक्षामुळे गेलेल्या मोजक्याच होत्या.

जुलै १९९७ मध्ये गोल्डस्मिथ गेले. हुजूर पक्षाचे एके काळचे खजिनदार लॉर्ड मॅकआल्पाइन १९९६ मध्ये पक्षात आले होते. त्यांनी धुरा घेतली. पण पक्षाचं रूपांतर रेफरेन्डम मूव्हमेंट या दबावगटात झालं आणि पुढे ती दुसऱ्या एका मोहिमेत मिसळून डेमोक्रसी मूव्हमेंट या नावाने उरली. तीन वर्षांपूर्वी नाकारलेला तिसरा पर्याय शेवटी गळ्यात पडला होता, आणि आता त्याच्यामागे ना तो पैसा होता ना तो माणूस. २००० च्या कायद्याने पक्षांच्या देशपातळीवरच्या प्रचारखर्चालाही मर्यादा आली, म्हणजे १९९७ सारखी मोहीम पुन्हा कुणाला उभी करता येणार नव्हती.

आश्वासन मात्र उरलं. चलनात जायचं तर सार्वमत घेऊ, असं म्हणून निवडून आलेल्या ब्लेअर सरकारला ते सार्वमत जिंकायची खात्री कधीच वाटली नाही. ब्रिटनचा पौंड पौंडच राहिला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट सभासदांची. पक्षाला मुदत घालणं चूक नव्हतं, असं मी मानतो. चूक होती ती मुदत घातल्यामुळे संघटना बांधायची गरज नाही असं समजण्यात. इथे मला गोव्याची आठवण येते. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा मुख्य मुद्दा विलीनीकरण. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण नाकारलं. ५४ टक्के मतं संघप्रदेश राहण्याच्या बाजूने पडली. ज्या प्रश्नासाठी पक्ष जन्मला, तोच हरला. तरीही दोन-अडीच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा सत्तेवर आले. कारण पक्षामागे बहुजन समाज उभा होता, कुळांचा आणि शाळांचा प्रश्न होता, वाड्यावाड्यांवर माणसं होती. प्रश्न गेला तरी पक्षाला पाय होते. रेफरेन्डम पार्टीच्या आठ लाख मतदारांना ३ मे रोजी जायला एकही शाखा, एकही बैठक, एकही मतदान करता येईल असा ठराव नव्हता. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा पक्षाचा बिल्ला लावला असेल. त्यांना नुसतं सोडून दिलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट एप्रिल १९९६ ची. मेजर यांनी अर्धी मागणी मान्य केली त्या दिवशी ‘हे आम्ही मिळवलं’ असं सांगून पुढची मागणी आणखी सोपी करायला हवी होती; केली गेली ती अवघड. १९७५ चा प्रश्न आयता तयार होता, सगळ्यांना आठवत होता : राहायचं की नाही? तो मागितला असता तर यूकिपशी भांडणाचं कारणही बरंचसं उरलं नसतं. गोल्डस्मिथ यांना तो नको होता, कारण बाहेर पडण्याचा शिक्का त्यांना बसवून घ्यायचा नव्हता. शिक्का तसाही बसलाच.

आजाराबद्दल थोडं जपून लिहितो. आपलं दुखणं जगापासून लपवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि मरणाच्या दारात उभं राहून कुणी गल्लोगल्ली फिरत असेल तर त्याच्या जिद्दीपुढे मान झुकते. पण ५४६ दुसरे लोक त्याच्या नावावर आपापल्या गावात उभे होते. तिजोरी आणि नेतृत्व दोन्ही एकाच देहात आहेत, हे ज्याला सर्वांत चांगलं ठाऊक होतं, त्याने निदान पैशाची एखादी विश्वस्त व्यवस्था आणि निवडणुकीनंतरच्या दोन वर्षांसाठी एक कार्यकारी मंडळ लावून द्यायला हवं होतं.

आणि शेवटचा मुद्दा मैदानाचा, ज्याचा विचार मी या प्रकरणात सर्वांत जास्त केला. गोल्डस्मिथ फ्रान्समध्ये १२ टक्क्यांवर १३ खासदार घेऊन आले होते. प्रमाणशीर पद्धत छोट्या पक्षाला काय देते, हे तेव्हाच्या ब्रिटिश राजकारणात त्यांच्याइतकं क्वचितच कुणी अनुभवलं असेल. तोच माणूस ब्रिटनमध्ये अशा मैदानात उतरला, जिथे २.६ टक्क्यांना काहीच मिळत नाही. १९९४ मध्ये याला इलाज नव्हता. तेव्हा ब्रिटनमध्ये युरोपीय संसदेची निवडणूकही जुन्याच पद्धतीने होत असे. पण १९९७ च्या सुरुवातीपर्यंत मजूर पक्ष युरोपीय निवडणुकीसाठी प्रमाणशीर पद्धत आणणार, आणि मजूर पक्ष सत्तेवर येणार, या दोन्ही गोष्टी समोर दिसत होत्या. पुढची युरोपीय निवडणूक १९९९ मध्ये होती. मे १९९७ ची लढत हा शेवट न मानता सराव मानला असता, पैशाचा तिसरा हिस्सा जरी मागे ठेवला असता, उमेदवारांच्या आणि समर्थकांच्या याद्या जपल्या असत्या, तर तो पक्ष दोन वर्षांनी त्याच्यासाठीच आखल्यासारख्या मैदानात उतरला असता.

जून १९९९ मध्ये ती निवडणूक झाली. जेमतेम २४ टक्के लोक मतदानाला आले. यूकिपला देशभरात ७ लाखांहून थोडी कमी मतं पडली, म्हणजे रेफरेन्डम पार्टीच्या १९९७ च्या मतांपेक्षा लाखभर कमीच. त्या मतांवर तिचे तीन खासदार निवडून आले. एक मायकेल होम्स, दुसरे नायजेल फराज. तिसरे पूर्व इंग्लंडमधून गेले : जेफ्री टिटफर्ड, दोन वर्षांपूर्वी हारविचमध्ये रेफरेन्डम पार्टीचे उमेदवार म्हणून ९.२ टक्के मतं घेतलेले.